वहीबच्या नावाचं पाणी

९ मे २०१७, मंगळवार

शाळेची एक कोरी हजेरीवही घरी पडून होती, तीत लिहायला बसले आहे. हजेरी घ्यायला पोरं नाहीत, आणि पोरं असती तरी शिकवायला कुणी आलं नसतं, कारण लढाई सुरू आहे आणि यमनभर मास्तरांचे पगार गेल्या वर्षापासून बंद आहेत. भूगोलाच्या बाईने घरात बसून करायचं काय? मुकबिल म्हणतो, "तू बसतेस कुठे? घरभर फिरतेस. गालिचा झिजवलास." खरं आहे नवऱ्याचं. आमचा पोरगा वहीब गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही.

आज मात्र काम मिळालं. इब्ब शहरातून डॉक्टर इश्राक आली होती. चुणचुणीत पोरगी, बोलते भराभर आणि चालते त्याहून भराभर. गल्लीतल्या बायकांना आमच्या अंगणात जमवून म्हणाली, कॉलरा परत आलाय आणि या खेपेला जोरात आहे. घरोघर जायला स्वयंसेविका हव्यात. तिचं वाक्य संपायच्या आत माझा हात वर होता.

मग मला राहवेना. कोळसा घेतला आणि भिंतीवर जगाचा नकाशा काढला. गंगेच्या मुखापासून हा रोग कसा निघाला, गलबतांतून बसऱ्याला कसा उतरला, यात्रेकरूंबरोबर मक्केला, तिथून इजिप्त, रशिया, लंडन, समुद्र ओलांडून पार अमेरिका. माणूस जिथे गेला तिथे हा त्याच्या पोटात बसून फुकट गेला. हज्जा झाफरान, गल्लीतली सगळ्यांत म्हातारी, डोळे बारीक करून बघत होती. म्हणाली, "इतकं जग फिरलाय, तरी दमला कसा नाही गं मेला?"

सगळ्या हसल्या. डॉक्टर इश्राकही हसली, पण जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, नकाशा सुंदर होता. पण त्यांना एवढंच सांगा, घाण पाण्यात जाते आणि ते पाणी तोंडात जातं." मला जरा लागलंच. नकाशाशिवाय ते समजणार कसं?

११ मे

क्लोरीनच्या गोळ्या घेऊन घरोघर फिरले. कुणी दार उघडेना, कुणी गोळ्या घेऊन चुलीमागे टाकल्या. एकीने ओढणी तोंडाला लावून कानात सांगितलं, "या गोळ्यांनी पुरुष निकामी होतात म्हणे." म्हटलं, "तुला नऊ पोरं आहेत. झाला तो थोडा निकामी तर तुझी पाठ तरी सरळ होईल." तिने स्वतःच्या हाताने गोळी टाकीत टाकली.

एका अब्दुलवलीच्या दारात गेले नाही. आमची भिंत त्याच्या भिंतीला लागून आहे. त्याच्या छताचं पाणी आमच्या भिंतीवर पडायचं, मुकबिलने त्याची पन्हाळ दगड घालून बुजवली, त्यावरून जे वाजलं ते आजतागायत. तेव्हापासून त्या घराने आमच्या घराचं पाणी तोंडाला लावलेलं नाही. दारासमोर आमची पाणपोई असून त्याची बायको शफीका खालच्या टाक्यावरून डोक्यावर हंडे आणते, आणि आमच्या दारावरून जाताना मुद्दाम जोरात पावलं टाकते.

संध्याकाळी मुकबिलला विचारलं, "आपल्या पाणपोईत टाकू का दोन गोळ्या?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी गोळ्या परत ओढणीत बांधल्या. "वहीबच्या पाण्याला दवाखान्याचा वास? लोक तोंड वाकडं करून पितील. तोंड वाकडं करून कुणी दुवा देतं का?"

त्याचंही बरोबर आहे. पाणी वरच्या झऱ्याचं, डोंगराच्या पोटातून येतं. मुकबिल पहाटे उठून गाडीवरची टाकी भरून आणतो, ती आधी पाणपोईत रिकामी करतो आणि मग विकायच्या पाण्याला निघतो. आम्ही दोघंही तेच पितो. कुणाला काय झालंय?

हे लिहून टाकते, म्हणजे परत लिहायला नको. तैझच्या बाजारात तोफेचा गोळा पडला, त्यात माझा वहीब गेला. परीक्षेला गेला होता. ज्यांनी त्याला उचललं ते म्हणाले, पाणी मागत होता. पाणी आणायला गेलेला माणूस परत आला तोवर संपलं होतं. मुकबिल रडला नाही, बोलला नाही. चाळिसाव्या दिवसाच्या आत त्याने दाराशी टाकी बसवली, तीन नळ लावले, साखळीला पत्र्याचे मग बांधले. जो पितो तो म्हणतो, अल्लाह वहीबवर दया करो. मी वरच्या खिडकीतून ऐकते. तेवढ्यापुरती मी बसू शकते.

१५ मे

तैझहून आणखी माणसं आली, अंगावरच्या कपड्यांनिशी. गावात जागा नाही. मुकबिल म्हणाला, आपलं वरचं शेत पडीकच आहे, झऱ्याच्या डोक्यावर, तिथे उतरू दे त्यांना. वहीबच्या वेळी त्यांच्याच गावकऱ्यांनी त्याला उचललं होतं. मी भाकऱ्या आणि साबण घेऊन गेले. एक बाई, कडेवर मूल, मला म्हणाली, "खाला, खड्डा कुठे खणू? बायकांची पंचाईत होते." म्हटलं, "आधी तंबू तर उभे राहू देत, खड्ड्याचं बघू सावकाश. कुदळ पाठवते."

घरी येऊन खूप बरं वाटलं. वहीबला आवडलं असतं.

२० मे

पाऊस. डोंगरावरून लाल पाणी धावत खाली आलं, गल्ली धुऊन निघाली. कुदळ पाठवायची राहिली, उद्या पाठवीन.

२३ मे

तंबूतल्या एका म्हाताऱ्याला जुलाब-उलट्या. सकाळी चालता होता, दुपारी डोळे खोल गेले. जलसंजीवनीची पाकिटं घेऊन धावले. भांडं माझं, पाणी आमच्या पाणपोईचं, मुद्दाम घरून नेलं. डॉक्टर म्हणाली होती, स्वच्छ पाणीच वापरा. घोट घोट पाजत बसले. संध्याकाळी त्याला इब्बच्या उपचार तंबूत नेलं, सलाईन लावलं, वाचला. त्याची सून माझ्या हाताचं चुंबन घेऊ लागली तेव्हा मी हात काढून घेतला, पण मनात सुखावले, उगाच नाही म्हणत नाही.

२७ मे, शनिवार

पहिला रोजा. सूर्य मावळला, मगरिबची बांग झाली आणि सगळी गल्ली आमच्या दाराशी. एक खजूर तोंडात, आणि वर वहीबचं पाणी. मग एका हातातून दुसऱ्या हातात जात होते, साखळ्या खणखणत होत्या, आणि एकामागून एक, एकावर एक, अल्लाह वहीबवर दया करो, अल्लाह वहीबवर दया करो. हज्जा झाफरान नेहमीसारखी दोन मग प्यायली. दुसरा म्हणे त्या लोकांच्या वाटचा, जे पीत नाहीत. हे ती अब्दुलवलीच्या दाराकडे बघून मोठ्याने म्हणते. "तो ज्या दिवशी या नळाला तोंड लावील ना पोरी, त्या दिवशी मी सुखाने मरेन." आतून शफीकाने खिडकी धाडकन लावली.

मुकबिल नळाशी उभा राहून मग भरून देत होता. इतक्या दिवसांनी त्याचा चेहरा सैल झालेला पाहिला.

३१ मे

गल्लीत शिरलाच. चांभाराच्या घरात दोघं, त्याच्यासमोरच्या घरात आई आणि मूल, मशिदीचा बांग देणारा, वर तंबूंत कितीतरी. मी दिवसभर धावते आहे. पाकीट फोड, पाणी ओत, ढवळ, पाज, धर, पूस. पायांत गोळे येतात, पण थांबले की जास्त दुखतात.

समजत नाही. मी स्वतः प्रत्येक टाकीत गोळी टाकली आहे. हात धुवायला शिकवलं आहे. कुठून येतंय हे?

डॉक्टर इश्राक धापा टाकत आली. विचारलं, "बाई, गल्लीतल्या सगळ्या टाक्यांत क्लोरीन आहे ना?" म्हटलं, "सगळ्या." खोटं नाही बोलले. ती घरांच्या टाक्यांबद्दल विचारत होती. पाणपोई म्हणजे काही कुणाचं घर नाही.

४ जून

हज्जा झाफरान गेली.

सकाळपासून तिला जुलाब होत होते आणि तिने कुणाला सांगितलं नाही, रोजा मोडायला लागेल म्हणून. लेकीने दुपारी मला बोलावलं तेव्हा तिच्या हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. मी ओरडले, "हज्जा, आजाऱ्याला रोजा माफ आहे! तोंड उघड!" तिने मान हलवली. म्हणाली, "बांग होऊ दे. मग तुझ्या पोराच्या पाण्याने सोडते." मी जबरदस्तीने ओठ ओले केले. तिने दात मिटून घेतले. गाडी यायच्या आत तिचा आवाज गेला, मग ती गेली.

हट्टाने मेली. तिच्या हट्टाचा मला इतका राग आला आहे की रडूही येत नाही.

५ जून

तिच्या लेकीकडे जाऊन बसले, म्हणजे उठले, बसले, परत उठले. बायका एकच बोलत होत्या, कालपर्यंत वहीबला दुवा देणारी गेली. लेक म्हणाली, "आदल्या संध्याकाळी तर तुमच्याच दाराशी उभी होती. दोन मग प्यायली." मी तिचा हात दाबला. म्हटलं, "तिच्या शेवटच्या घोटातसुद्धा माझ्या वहीबचं नाव होतं, हे मी विसरणार नाही."

९ जून

कलिंगडं! खालच्या रस्त्यावर तो माणूस कापलेली कलिंगडं विकतो, वर माशा. मी जाऊन त्याच्याशी भांडले, त्याची टोपली उलटी करवली. तो म्हणाला, "बाई, माझ्या घरची सगळी हेच खातात, धडधाकट आहेत." म्हटलं, "तुमची आतडी दगडाची असतील."

आणि अब्दुलवलीच्या घरात? अजून एकाला साधं पोटदुखणंही नाही. त्यांच्याकडे मी एक गोळी दिलेली नाही, साबणाचा तुकडा दिलेला नाही. अंगणात बकऱ्या, बकऱ्यांच्या लेंड्या, सगळी पोरं नाक पुसत फिरतात. आम्ही दिवसरात्र हात घासतो आणि लोळतो, आणि ही माणसं लोखंडासारखी उभी. मुकबिलला म्हटलं, "देवाचा न्याय मला कळेनासा झालाय." तो म्हणाला, "भांडखोरांना रोगसुद्धा भितो." खूप दिवसांनी दोघंही हसलो.

१३ जून

हज्जाचं बोलणं डोक्यातून जात नाही. तिची एक इच्छा तरी पुरी करावी. गल्लीत इतकी माणसं आजारी, आणि आपण एका पन्हाळीवरून तोंडं फिरवून बसलोय. मुकबिलला दोन दिवस टोचत होते. आज शेवटी उठला, कमरेची जंबिया, बापाची ती वाकडी कट्यार, म्यानासकट सोडली आणि अब्दुलवलीच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवली. चूक कबूल, न्याय तुझ्या हाती, असा त्याचा अर्थ. परत आला तेव्हा कट्यारीशिवाय त्याची कंबर अगदी उघडी दिसत होती. तो लाजून घरातच बसला.

शेजारून काही आवाज नाही. मी खिडकीत जाऊन येऊन दमले.

१५ जून

आला! बांगेच्या जरा आधी, पांढरा झगा, दाढीला मेंदी, मागे त्याचे सगळे भाऊबंद. मुकबिलची जंबिया दोन्ही हातांवर घेऊन आला आणि स्वतः त्याच्या कमरेला बांधली. मुकबिल म्हणाला, "पन्हाळीतला दगड मी उद्या काढतो." अब्दुलवली म्हणाला, "राहू दे, आता छत दुसरीकडून गळतं." मग मोठ्याने, "पाणी पाजणार की नुसताच उभा करणार? बांग झाली."

मुकबिलने मग काठोकाठ भरला. अब्दुलवली बसला, तीन घोटांत मग संपवला, आणखी एक मागितला, तोही संपवला, तोंड पुसलं आणि आमच्या खिडकीकडे मान वर करून म्हणाला, "अल्लाह वहीबवर दया करो. चांगला पोरगा होता. माझे पतंग चोरायचा."

मी खिडकीत ढसाढसा रडले. वहीब पतंग उडवायचा हे गेल्या दोन वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

शफीका मात्र नाही आली. तिच्या खिडकीचा पडदा हलत होता तेवढाच.

१७ जून, सकाळी

अब्दुलवली आजारी. भल्या पहाटे शफीका स्वतः आमचं दार बडवत होती, डोक्यावर धड ओढणी नाही. मुकबिलने त्याला गाडीत घातलं. एवढा दांडगा माणूस, भिजलेल्या पोत्यासारखा वाकला होता. मी बरोबर गेले.

उपचार तंबूत दोन्ही हातांना सलाईन लावलं आहे. शफीका माझ्या शेजारी जमिनीवर बसली. पन्हाळीनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "त्याचं काही कळत नाही मला," म्हणाली. "बाजारचं तो शिवत नाही. माझ्या हातचं सोडून खात नाही. पाणी मी खालच्या टाक्याचं आणते, उकळते, माझ्या आईची तशी पद्धत. पोरं बरी आहेत, मी बरी आहे. वेगळं म्हणशील तर तुमच्या दारचे ते दोन मग."

टोमणा नव्हता तो. ती खरंच विचार करत होती.

मी म्हटलं, "पाणी आणते," आणि बाहेर आले. कुणासाठी पाणी आणणार होते ते आठवेना.

तोच दिवस

बसवत नाही. उभं राहवत नाही. चांभार आमच्या नळावर पितो. बांगवाला पितो. समोरची ती आई मुलाला घेऊन येते. हज्जा दोन मग पीत असे. पीत नव्हती ती फक्त भिंतीपलीकडची माणसं, आणि त्या सगळ्या काळात त्यांना काही झालं नाही. आणि मी आजाऱ्यांना जे पाजलं तेही याच नळाचं.

पण मग मुकबिल कसा बरा? मी कशी बरी? डॉक्टर पहिल्या दिवशी म्हणाली होती, पुष्कळांच्या पोटात रोग असतो आणि त्यांना काहीच होत नाही. मी तेव्हा कोळशाने नकाशा गिरवत होते.

नसेल. दुसरं काही असेल. देवा, कलिंगडच असू दे.

१८ जून

झऱ्यावर गेले, एकटी. झऱ्याच्या डोक्यावर आमचं शेत. पावसाच्या ओघळी शेतातून थेट झऱ्याच्या कुंडात उतरल्या आहेत. ओघळींच्या कडेने काय पसरलं आहे ते लिहायला नको. कडेवर मूल असलेली ती बाई भेटली. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "खाला, कुदळ आलीच नाही. आम्ही दगडाने खणून पाहिलं, खाली खडक आहे."

"मला परत सांगायचं नाही का?"

"तुमच्या शेतात राहतो, तुमची भाकरी खाल्ली. आणखी किती मागायचं?"

मी घरी आले. मुकबिल पाणपोईची साखळी पुसत होता. सगळं सांगितलं. तो ऐकत होता की नाही कळेना. मग म्हणाला, "हे पाणी वहीबचं आहे."

"वहीबच्या पाण्याने हज्जा मेली, मुकबिल."

"गप्प बस!"

"अब्दुलवली तिकडे पडलाय. आज बांगेला सगळी गल्ली इथे येईल. देणार आहेस मग भरून?"

तो टाकीला पाठ लावून उभा राहिला, जणू मी टाकी उचलून नेणार होते. म्हणाला, "पोराने पाणी मागितलं आणि त्याला मिळालं नाही. मी नळ बंद करू? माझ्या हाताने?" आणि माझा मुकबिल, ज्याने कबरीपाशी डोळ्यांतून टिपूस काढला नव्हता, तो टाकीला कपाळ टेकून हंबरला. मी त्याला धरलं. आमच्या पोराच्या नावाने लोक दुवा देत होते, आणि पोटात हे घेऊन घरी जात होते. आता खरं सांगितलं तर त्याच नावाला काय देतील?

न सांगता गुपचूप गोळ्या टाकता येतील. टाकी फुटली म्हणता येईल. दोन्ही विचार माझ्या मनात येऊन गेले, इथे लिहून ठेवते.

१९ जून

सांगितलं.

काल बांगेच्या आधी मुकबिलने तिन्ही नळांना फडकी बांधली. लोक आले, खजूर हातात, फडकी बघत उभे राहिले. मी दारात उभी राहिले. शाळेत बोलायचे तसं मोठ्याने बोलले. "हे पाणी कुणी पिऊ नका. रोग इथून आला. झऱ्यात घाण उतरली, आणि मी या टाकीत गोळी टाकली नाही. तुमच्या टाक्यांत टाकली, माझ्या टाकीत नाही. डॉक्टरनी विचारलं तेव्हा मी सांगितलं नाही."

हज्जाची लेक पुढे होती. विचारलं, "आईने हेच पाणी पिऊन..."

म्हटलं, "हो."

हातातला खजूर तिने उंबऱ्यावर ठेवला आणि गेली. मग बाकीचे. कुणीतरी मागून म्हणालं, "जगाचा नकाशा काढत होती." बांग झाली तेव्हा दाराशी आम्ही दोघंच होतो.

२२ जून

डॉक्टर इश्राक आली. ओरडेल वाटलं होतं, ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसती म्हणाली, "कुदळी किती आहेत?" मुकबिल, तैझची माणसं आणि चांभाराचा भाऊ मिळून तंबू झऱ्याच्या खालच्या अंगाला हलवताहेत, खडक फोडून खड्डे खणताहेत. टाकी रिकामी केली. मुकबिल आत उतरून ब्रशने घासत होता. बाहेर आला तेव्हा क्लोरीनने डोळे लाल झाले होते, निदान तो तसं म्हणाला.

दोन दिवसांत नवा आजारी नाही.

२५ जून, ईद

टाकी भरली आहे. पाणी आता मुकबिल खालच्या टाक्यावरून आणतो आणि मी स्वतः औषध मोजून टाकते. वास येतो, भपकन येतो. आम्ही दोघं पितो.

दुसरं कुणी येत नाही. नमाजाहून परतणारे लोक समोरच्या भिंतीच्या कडेने गेले. कुणी वाईट बोललं नाही. वहीबचं नावच कुणी घेतलं नाही.

२७ जून

आज दिवसभर साखळी वाजली नाही. मुकबिल तरीही मग घासून लावतो. मी जिने चढते, उतरते. खिडकीशी जाते आणि मागे फिरते. आयुष्यात इतकी शांत गल्ली मला नको होती.

१ जुलै

अब्दुलवली काल घरी आला. काठी टेकत, निम्मा होऊन, पण स्वतःच्या पायांनी. मी भेटायला गेले नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

आज ऊन तापलं होतं. मी खिडकीपासून लांब, भिंतीला धरून उभी होते. खाली जोरजोरात पावलं वाजली. ती पावलं मी ओळखते. शफीका, डोक्यावर रिकामा हंडा. वाटलं, नेहमीसारखी दणदणत पुढे जाईल. थांबली. साखळी वाजली. नळाचा आवाज आला, मग भरल्याचा.

ती प्यायली. मी घोट मोजत नव्हते, पण ऐकत होते. मग तिचा आवाज, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा:

"शी! सगळा दवाखानाच प्यायल्यासारखं वाटतंय."

पलीकडे कुणाचं तरी दार उघडलं. समोरची खिडकी उघडली. शफीकाने मग परत नळाखाली धरला आणि परत प्यायली.

"अल्लाह वहीबवर दया करो," म्हणाली. मग जरा थांबून, मान वर करून, "आणि त्याच्या आईला अक्कल देतो ती थोडी वेळेवर देत जावो. ऐकलंस का गं? खिडकीमागे उभी आहेस ते दिसतंय मला. हंडा भरून घेतेय, नवऱ्याला पाजायचाय."

खाली हंडा भरत होता आणि पाण्याचा आवाज वर येत होता. समोरच्या घरातली ती आई मुलाचा हात धरून दारात आली होती. मी खिडकीशी गेले, खाली पाहिलं, आणि बसले.